कॅलिपर उघडल्यावर: काय वाचतं, काय बदलावंच लागतं

पॅड बदलायला घेतले आणि काम कॅलिपरवर येऊन अडलं, अशी पत्रं या वेळी जास्त आली आहेत. म्हणून या अंकात फक्त कॅलिपरचेच, म्हणजे पिस्टननं पॅड डिस्कवर दाबणाऱ्या ब्रेकच्या भागाचेच, प्रश्न घेतले आहेत. सगळ्या उत्तरांना लागू असलेली एक सूचना आधीच देतो. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून काम करू नका. जॅकनं उचला, स्टँडवर टेकवा आणि जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा.

प्रश्न: हॅचबॅकचे पुढचे पॅड घरी बदलले. तेव्हापासून डावं चाक थोडं अंतर चालवलं तरी तापतं आणि गाडी डावीकडे ओढते. पिस्टन सी-क्लॅम्पनं आत दाबताना खूप जड जात होता. नवा कॅलिपर घ्यावा लागेल का? (वाचक, नाशिक)

दुकानात जाण्याआधी एक चाचणी करा. दहा मिनिटांचं काम आहे आणि तिच्यावरून खर्च ठरतो.

पुढचं चाक उचलून गाडी स्टँडवर घ्या. इंजिन चालू करून न्यूट्रलमध्ये पेडल चार-पाच वेळा दाबा, सोडा, इंजिन बंद करा आणि चाक हातानं फिरवा. चाक धरून राहिलं असेल तर कॅलिपरचं ब्लीडिंग निपल, म्हणजे ब्रेकमधली हवा काढायचा छोटा पोकळ स्क्रू, अर्धा आटा ढिलं करा. डोळ्यांवर चष्मा हवा, निपलवर पारदर्शक नळी लावलेली हवी. ऑइल जोरात उडालं आणि चाक लगेच मोकळं झालं, तर दाब मागे अडकला होता. कॅलिपर निर्दोष आहे, बहुतेक वेळा कॅलिपरला ऑइल पोचवणारा रबरी होज आतून फुगून बंद झालेला असतो. पायाच्या जोरानं ऑइल पुढे जातं, पण परत येताना अडतं. बाहेरून असा होज नव्यासारखा दिसतो, म्हणून तो सुटतो आणि निष्कारण कॅलिपर बदलला जातो. दोन्ही बाजूंची चाकं धरून राहत असतील तर होजऐवजी पेडलनं चालणाऱ्या, ऑइलवर दाब देणाऱ्या मास्टर सिलिंडरकडे बघा. पेडलला थोडी मोकळी चाल राहिली नसेल तर तिथलं परतीचं भोक उघडतच नाही.

निपल ढिलं करूनही चाक जाम राहिलं, तर दोष यांत्रिक आहे. मग क्रमानं तपासा: आधी पॅड, मग पिना, शेवटी पिस्टन.

पॅडचे कान ब्रॅकेटमधल्या (पॅड आणि कॅलिपर धरणाऱ्या चौकटीतल्या) पत्र्याच्या क्लिपांत बोटानं ढकलले तरी सरकायला हवेत. क्लिपेच्या खाली गंज साचून फुगतो आणि नवा पॅड ठोकून बसवावा लागतो. इथेच पुष्कळांचं चुकतं. पॅडचा कान घासू नका. क्लिप काढून ब्रॅकेटची खाच तारेच्या ब्रशनं आणि चपट्या कानसेनं उघड्या लोखंडापर्यंत साफ करा आणि नव्या क्लिपा बसवा.

कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या गाइड पिना दोन असतात. दोन्ही बोटांनी आत-बाहेर सरकल्या आणि फिरल्या पाहिजेत. पुष्कळ गाड्यांत एका पिनेला टोकाशी रबरी बुश किंवा चपटी बाजू असते, दुसरीला नसते. वर-खाली अदलाबदल झाली तर कॅलिपर अडकतो, म्हणून काढतानाच फोटो काढून ठेवा. जुना पॅड अजून घरात असेल तर तो बघा. एका टोकाला जास्त, दुसऱ्या टोकाला कमी असा तिरका झिजला असेल तर एक पिन जाम होती हे नक्की समजा.

पॅड आणि पिना मोकळ्या निघाल्या तर राहतो पिस्टन, आणि तुमच्या वर्णनावरून आमचा संशय त्याच्यावरच आहे. पिस्टनभोवती चौकोनी काटछेदाची एक रबरी रिंग, म्हणजे सील, असते. ती ऑइल अडवतेच, शिवाय पिस्टन मागे घेण्याचं कामही तीच करते. ब्रेक दाबला की रिंग किंचित पिळली जाते, सोडला की सरळ होताना पिस्टनला मिलिमीटरच्या अंशाएवढं मागे ओढते. पॅड झिजत जातात तसा पिस्टन बाहेर येत राहतो. धूळ अडवणारं रबरी बूट फाटलेलं असेल तर त्या बाहेर आलेल्या भागावर पाणी बसून गंज धरतो. नवे जाड पॅड घालण्यासाठी तुम्ही पिस्टन मागे रेटलात, तेव्हा तो गंजका भाग रिंगेत घुसला. त्रास नेमका पॅड बदलल्यानंतर सुरू झाला तो यामुळे. अशा वेळी पिस्टन बाहेर काढून बघण्याला पर्याय नाही. कॅलिपर बदलायचा की नुसतं सील-बुटाचं किट पुरेल, ते खालच्या कोल्हापूरच्या प्रश्नात आहे.

प्रश्न: ब्लीडिंग निपल उघडताना तुटलं. अर्धं आत राहिलं आहे. घरी निघेल का? (वाचक, रत्नागिरी)

निघतं, पण तुटलेला तुकडा गळत नसेल तर घाई करू नका. निपलचं टोक शंकूसारखं असतं आणि ते कॅलिपरच्या आतल्या तशाच बैठकीवर दाबून बसतं. ऑइल अडतं ते तिथे, आट्यांत नाही. म्हणून डोकं तुटलं तरी तुकडा सहसा गळत नाही. फक्त हवा काढता येत नाही.

किनाऱ्यावर हे जास्त होतं, कारण निपलवरची रबरी टोपी हरवली की खारं पाणी थेट मधल्या भोकात उतरतं. पोलादी निपल आणि बिडाचा कॅलिपर आट्यांत गंजून एकजीव होतात.

आधी कॅलिपर गाडीवरून उतरवून बाकावर शिकंजात पकडा. गंज सुटायचं पातळ तेल आट्यांवर सोडून रात्रभर ठेवा. मधूनमधून निपलच्या भोवतालच्या बिडावर छोट्या हातोडीनं टकटक करा, त्यानं गंजाचा थर तडकतो. निपलचा थोडा भाग बाहेर असेल तर चांगल्या पकडीनं आधी घट्ट करण्याच्या दिशेनं किंचित हलवा, मग उलट. हलकी हालचाल मिळाली की पुढे-मागे करत काढा, एका दमात फिरवू नका.

तुकडा सपाट तुटला असेल तर त्याच्या मधलं भोक कामी येतं. ड्रिलला आयती वाट मिळते. उलट्या आट्यांचं ड्रिल मिळालं तर उत्तम, कारण भोक मोठं करता करताच तुकडा फिरून बाहेर येतो. नाहीतर भोक टप्प्याटप्प्यानं मोठं करून ईझी-आउट, म्हणजे तुटलेला स्क्रू उलटा फिरवून काढायचं हत्यार, वापरावा लागतो. ईझी-आउट अतिशय कडक पोलादाचा असतो. तो आत तुटला तर साधं ड्रिल त्याच्यावर चालत नाही आणि कॅलिपर भंगारात जातो. जोर बेतानं लावा.

खोलीचं भान यात सगळ्यात महत्त्वाचं. दुसऱ्या बाजूचं निपल काढून त्याची लांबी मोजा आणि ड्रिलवर तेवढ्या खोलीला चिकटपट्टी गुंडाळा. ड्रिल त्याच्या पुढे गेलं तर शंकूची बैठक खरवडली जाते, आणि मग कितीही नवं निपल लावा, गळती थांबत नाही. तसं झालं तर कॅलिपर बदला.

गरम करायचं असेल तर आधी पिस्टन, सील, बूट सगळं काढा, कारण ती रबरं उष्णतेनं जातात. ब्रेक क्लीनर मारलेल्या भागाजवळ ज्योत आणू नका. काही क्लीनर पेट घेतात, आणि ज्यांत क्लोरिनयुक्त द्रावक असतं त्यांची वाफ तापली की विषारी वायू तयार होतो.

ड्रिल मारलं म्हणजे आत लोखंडाचा चुरा गेला. पिस्टन न काढता नुसतं ऑइल सोडून तो सगळा निघत नाही, म्हणून पूर्ण उघडून धुवा. नवं निपल घेताना जुनं बरोबर न्या. एम-7, एम-8, एम-10 असे माप असतात आणि आट्यांचा बारीक-जाडपणाही वेगळा असतो. चुकीचं निपल दोन आटे बसतं, मग अडतं आणि कॅलिपरचे आटे कापून टाकतं. घट्ट करताना छोटा पाना वापरा. साधारण 7 ते 10 न्यूटन-मीटर पुरे असतात, म्हणजे मनगटाचा जोर, खांद्याचा नाही. टोपी मात्र विसरू नका.

प्रश्न: निपल आणि होजचा बोल्ट थोडे पाझरतात. नळाला लावतात ती पांढरी टेफ्लॉन टेप लावली तर चालेल का? (वाचक, ठाणे)

नाही. निपल शंकूवर अडवतं, होजचा बोल्ट त्याच्या दोन तांब्याच्या वायसरांवर. आट्यांवर टेप गुंडाळून गळती थांबत नाही, उलट तिचे तुकडे बारीक वाटांमध्ये जातात. दोन्ही वायसर नवे घाला. तांबं एकदा दाबलं गेलं की कडक होतं आणि पुन्हा नीट बसत नाही. जुने वायसर ठेवून बोल्टच जास्त आवळत गेलात तर आटे जातात, आणि मग काही रुपयांच्या वायसरपायी कॅलिपर घ्यावा लागतो. निपल पाझरत असेल तर नवं लावून बघा. तरीही पाझरलं तर बैठक खराब आहे.

प्रश्न: कॅलिपरमधून ऑइल झिरपतं. किट आणलं आहे. पिस्टन घरी काढायची सुरक्षित पद्धत कोणती? पिस्टनवर डाग आणि ओरखडे निघाले तर काय करायचं? टायरवाल्याच्या हवेनं पिस्टन निघतो असं ऐकलं. (वाचक, कोल्हापूर)

हवेनं निघतो, पण घरी ते करू नका. 50 मिलिमीटर व्यासाच्या पिस्टनचं क्षेत्रफळ साडेएकोणीस चौरस सेंटिमीटरच्या वर भरतं. कॉम्प्रेसरचा 100 पीएसआय, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे 7 किलोचा दाब त्याच्यामागे लागला की पिस्टन 135 किलोच्या आसपास जोरानं सुटतो. समोर बोट असेल तर ते चेंगरतं.

त्यापेक्षा होज काढण्याआधी ब्रेकच्या पेडलनंच पिस्टन काढा. कॅलिपर ब्रॅकेटवरून उतरवून तारेनं सस्पेन्शनच्या स्प्रिंगला टांगा, होजवर लोंबकळू देऊ नका. पॅड काढून त्यांच्या जागी 20 मिलिमीटर जाडीची लाकडी फळी ठेवा. मदतनीसाला पेडल हळूहळू दाबायला सांगा. पिस्टन फळीला टेकला की फळी पातळ करत न्या. टाकीतलं ऑइल तळाला जाऊ देऊ नका. खाली ट्रे ठेवा, कारण शेवटी ऑइल एकदम सांडतं. ते गाडीच्या रंगावर पडलं तर रंग सोलतो, लगेच भरपूर पाण्यानं धुवा. दोन पिस्टनचा कॅलिपर असेल तर जो आधी निघतो त्याला क्लॅम्पनं धरून ठेवा आणि दुसरा बाहेर येऊ द्या. नाहीतर पहिला निघाला की दाबच राहत नाही.

मागच्या चाकांना डिस्क असेल आणि हँडब्रेक त्याच कॅलिपरमध्ये असेल तर हे सगळं लागू नाही. ते पिस्टन बहुतेक आट्यांवर फिरवून आत-बाहेर होतात, आणि इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर आधी त्याला सर्व्हिस मोडमध्ये घालावं लागतं.

आता डागांचं. डिस्कच्या कॅलिपरमध्ये सील भोकाच्या भिंतीतल्या खाचेत स्थिर बसलेलं असतं आणि पिस्टन त्याच्यातून सरकतो. म्हणजे ऑइल अडवणारा पृष्ठभाग पिस्टनचा आहे, भोकाचा नाही. ड्रमच्या व्हील सिलिंडरमध्ये नेमकं उलट असतं, तिथे रबर पिस्टनबरोबर सरकतं आणि भोक गुळगुळीत लागतं. ड्रमवर हात बसलेले लोक कॅलिपरचं भोक चकाकेपर्यंत घासत बसतात आणि पिस्टन तसाच परत घालतात. गळती मग आठवड्यात परत येते.

पिस्टन पुसून कोरडा करा, उजेडात फिरवा आणि नख आडवं चालवा. नख अडलं, खड्डा लागला किंवा क्रोमचा थर सुटलेला दिसला तर पिस्टन नवा घ्या. तिथे पॉलिश पेपर मारून क्रोम आणखी जातं आणि महिन्याभरात गंज परत धरतो. नुसता तपकिरी डाग असेल, नख अडत नसेल, तर 1200 नंबरचा पाण्याचा पेपर ब्रेक ऑइलमध्ये भिजवून गोलाकार दिशेनं हलकेच फिरवा. उभं घासलं तर त्याच रेषांतून ऑइल झिरपतं. पिस्टनच्या तोंडाकडच्या कडेला, सीलपर्यंत कधीच न पोचणाऱ्या भागात थोडा गंज असेल तर तो चालतो. पिस्टन प्लॅस्टिकसारखा तपकिरी-काळ्या फेनॉलिकचा असेल तर चीर किंवा कड फुटली आहे का ते बघा. फुटला असेल तर टाका.

भोकात जुन्या सीलची खाच नीट साफ करा. बरेच जण सगळं नवं घालतात आणि खाच तशीच सोडतात. खाचेच्या तळाशी गंजाची पापडी राहिली की नवं सील वर उचललं जातं, पिस्टन आवळतो आणि नाशिकच्या वाचकांसारखं चाक तापायला लागतं. सील काढायला आणि खाच खरवडायला बांबूची टोकदार काडी वापरा, स्क्रू-ड्रायव्हरनं खाचेच्या कडेला ओरखडा पडतो. खाचेतच खोल खड्डे दिसले तर मात्र किट परत करा आणि कॅलिपर घ्या.

धुवायला ब्रेक क्लीनर, स्पिरिट किंवा ताजं ब्रेक ऑइल. पेट्रोल, रॉकेल, डिझेल चालणार नाही. ब्रेकची रबरं खनिज तेलात फुगतात, आणि खाचेत राहिलेला थोडा अंशही पुरतो.

जोडताना नवं सील ताज्या ऑइलमध्ये बुडवून खाचेत बसवा आणि बोट फिरवून कुठे पिळलेलं नाही ना ते बघा. ज्या बुटाचं ओठ भोकाच्या खाचेत बसतं, ते आधी पिस्टनच्या मागच्या टोकावर चढवून थोडं पुढे ओढा, त्याचं ओठ खाचेत बसवा आणि मग पिस्टन आत घ्या. उलट क्रमानं ते बूट बसतच नाही. पिस्टन दोन्ही अंगठ्यांनी सरळ दाबला की आत गेला पाहिजे. अडला तर तो तिरका आहे. बाहेर काढा, पुन्हा ऑइल लावा. हातोडीला हात लावू नका.

किट दोन्ही बाजूंना घाला. एकाच वयाची रबरं आहेत, आणि एका बाजूचा पिस्टन मोकळा, दुसरीकडचा जड अशी गाडी जोरात ब्रेक मारला की एका बाजूला ओढते.

प्रश्न: पिनांना कोणतं ग्रीस लावायचं? घरात बेअरिंगचं ग्रीस आहे. (वाचक, सोलापूर)

ते लावू नका. बेअरिंगचं ग्रीस खनिज तेलाचं असतं. पिनेचं रबरी बूट आणि बुश त्यानं फुगतात आणि पिन काही महिन्यांत पहिल्यापेक्षा घट्ट होते. पिनांसाठी सिलिकॉन ब्रेक ग्रीस घ्या. ते नाही मिळालं तर ब्रेकच्या रबरासाठीचं लाल ग्रीस. पातळ थर पुरे. भोक ग्रीसनं भरून ठेवलं तर पिन दाबताना आत हवा कोंडते आणि कॅलिपर मागे ढकलला जातो. जुनं वाळलेलं ग्रीस आधी भोकाच्या तळापर्यंत काढा. पॅडच्या पाठीला लावाल ते ग्रीस उष्णता सोसणारं हवं, आणि पॅडच्या मसाल्याला किंवा डिस्कला त्याचा हातही लागता कामा नये.

प्रश्न: पिनेचा बोल्ट आवळताना आटे गेले, आणि कॅलिपरच्या कानाला बारीक चीरही दिसते. वेल्डिंग करून चालेल का? एपॉक्सी भरली तर? (वाचक, म्हापसा)

आधी बोल्ट नेमका कशात बसतो ते बघा. पुष्कळ गाड्यांत तो पिनेच्याच आतल्या आट्यांत बसतो. तसं असेल तर नवी पिन आणि नवा बोल्ट घेतला की आट्यांचा प्रश्न मिटला. ब्रॅकेटमधले आटे गेले असतील तर ब्रॅकेट बदला. ब्रॅकेट ज्या नकलवर, म्हणजे चाक धरणाऱ्या सांध्याच्या तुकड्यावर, बसतो तिथले गेले असतील तर चांगला लेथवाला स्प्रिंगसारख्या तारेचे नवे आटे बसवून देऊ शकतो, पण ते काम घरी करू नका.

चीर असलेला कॅलिपर मात्र वापरायचाच नाही. जोरात ब्रेक मारला की पाइपातला दाब चौरस सेंटिमीटरला 75 किलोपर्यंत सहज जातो, म्हणजे 50 मिलिमीटरच्या पिस्टनवर जवळजवळ दीड टन. तेवढ्याच जोरानं कॅलिपरची दोन बाजूंची बोटं फाकायला बघतात. बिडाच्या वेल्डिंगशेजारी नवी चीर सुटते आणि ती थेट ब्रेक मारताना उघडते. एपॉक्सीचा तर विचारही नको. गाडी हलवू नका, कॅलिपर घरी मागवा.

प्रश्न: दोन्ही पुढचे कॅलिपर उतरवून किट घातलं, लिटरभर ऑइल खर्च केलं, तरी पेडल मऊच. हवा जात नाही. (वाचक, पुणे)

दोन्ही एकदम उतरवले होते, तर डावा उजवीकडे बसलेला नाही ना ते आधी बघा. पुष्कळ गाड्यांत दोन्ही कॅलिपर दोन्ही बाजूंना बसतात, फरक फक्त निपलच्या जागेचा असतो. निपल वरच्या टोकाला हवं. खाली आलं तर ऑइल निघत राहतं आणि हवा वर तशीच राहते, कितीही लिटर ओता. होज पिळला गेलेला दिसेल, तीही खूण आहे. अदलाबदल करा, वायसर पुन्हा नवे घाला.

जागा बरोबर असतील तर पद्धत तपासा. निपलवर पारदर्शक नळी, तिचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडलेलं. पेडल दाब, निपल उघड, निपल बंद, मग पेडल सोड, याच क्रमानं. पेडलखाली एक इंच जाडीचा लाकडी तुकडा ठेवा. जुन्या गाडीत पेडल तळापर्यंत नेलं की मास्टर सिलिंडरची सीलं कधी न गेलेल्या गंजक्या भागावर घासून फाटतात, आणि तुमच्या वर्णनात तीही शक्यता आहे. पेडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली जात राहिलं आणि बाहेर कुठेच ओल दिसली नाही, तर तेच झालं आहे असं समजा.

ऑइल टाकीच्या झाकणावर लिहिलेलंच घाला, बहुतेक डॉट-3 किंवा डॉट-4, आणि बाटली नवी फोडा. उघडी राहिलेली बाटली हवेतलं पाणी शोषते. डॉट-4 चा उत्कलनबिंदू कोरडं असताना किमान 230 अंश सेल्सिअस असतो, 3.7 टक्के पाणी शिरलं की त्याची मर्यादा 155 वर येते. घाटात उतरताना त्या पाण्याची वाफ होते आणि पेडल पुन्हा मऊ होतं. मध्येच टाकी रिकामी झाली असेल आणि गाडीला एबीएस (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर हवा एबीएसच्या ब्लॉकमध्ये अडकलेली असू शकते. ती बऱ्याच गाड्यांत स्कॅनर लावून ब्लॉकमधला पंप चालवल्याशिवाय निघत नाही, तेवढ्यासाठी गाडी टो करून गॅरेजला न्या.